देहाची रोजकीर्द आणि नवा मुनीम

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलास अक्षरओळखीबरोबरच एक गोष्ट शिकविली जाते, ती ही की, दिवसाचा मेळ त्याच दिवशी बसला पाहिजे. आमच्या लहानपणी रविवार पेठेतील पेढीवर चार आण्यांचा फरक पडला तरी आमचे तीर्थरूप आणि दिवाणजी रोजकीर्द उघडून बसत व फरक सापडल्यावाचून उठत नसत. पुढे चाळीस वर्षे आम्हीही तोच नेम पाळला. पोत्यांचा, बारदानाचा, हमालीचा, अडतीचा असा सर्व हिशेब आमच्याजवळ तारीखवार मिळेल. परंतु ज्या देहाच्या बळावर हा सारा व्यवहार चालला, त्या देहाची रोजकीर्द मात्र आम्ही कधी ठेविली नाही, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये आमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार करावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "त्रास केव्हापासून आहे?" चाळीस वर्षांची कीर्द जपणाऱ्या आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्हांस जो अनुभव आला, तो आमच्या वयाच्या अनेक सभासद बंधूंच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, या समजुतीने हा लेख स्मरणिकेकरिता लिहिला आहे. विषय नवा आहे व आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. तथापि हिशेबाची गोष्ट हिशेबाच्या भाषेत सांगितली तर ती कोणासही कळते, असा आमचा विश्वास आहे.

अलीकडे पुष्कळांच्या मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ किंवा बोटात तसलीच अंगठी दिसते. या वस्तूंचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत फिटबिट ही कंपनी २००७ मध्ये निघाली व पुढे २०२१ मध्ये ती गूगलच्या मालकीची झाली. फिनलंडमधील ऊलू या गावी २०१३ मध्ये औरा ही कंपनी स्थापन झाली आणि तिने अंगठीतच ही सर्व यंत्रणा बसविली. घड्याळ अथवा अंगठी त्वचेवर प्रकाश टाकते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण बदलते, तसा परत येणारा प्रकाश कमीअधिक होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. हालचाल मोजणारा दुसरा एक भाग आत असतो, तो पावले मोजतो. या दोहोंवरून आणि त्वचेच्या उष्णतेवरून झोप किती झाली याचा अंदाज बांधला जातो. येथे अंदाज हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. झोपेची खरी तपासणी रुग्णालयात मस्तकास तारा लावून मेंदूच्या लहरींवरून करितात. बोटातील अंगठी मेंदू पाहत नाही. पारखी मनुष्य मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची प्रत सांगतो व बहुधा ते बरोबर असते. परंतु त्यास प्रयोगशाळेचा दाखला कोणी म्हणत नाही, तसाच हा प्रकार आहे.

अंगठीत जमलेले आकडे फोनमध्ये येतात, फोनमधून कंपनीच्या कोठारात जातात, आणि तेथून प्रतिदिनी शंभरापैकी अमुक गुण असा निकाल परत येतो. इथवरची गोष्ट जुनी झाली. नवी गोष्ट पुढेच आहे. ज्यास कृत्रिम बुद्धीचा सहाय्यक म्हणतात, ज्यास मराठीत प्रश्न विचारला असता मराठीत उत्तर मिळते, त्याच्या हाती ही देहाची कीर्द देण्याची सोय आता झाली आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीचे कोठार निराळे व प्रत्येक सहाय्यकाची रीत निराळी, त्यामुळे प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र खटपट करावी लागे. आपल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल की, १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन १९५८ पासून मेट्रिक मापे येऊ लागली, त्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा आणि पायली निराळी असे. एक माप झाले आणि कोठलाही माल कोठल्याही बाजारात तोलता येऊ लागला. तसेच एक सामायिक माप नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने सर्वांस खुले केले. त्यास मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल असे नाव आहे. मार्च २०२५ मध्ये ओपनएआय या प्रतिस्पर्धी कंपनीनेही ते स्वीकारल्याचे जाहीर केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका संस्थेच्या स्वाधीन करण्यात आले.

याची रीत अशी. मध्ये एक लहानशी आज्ञावली बसविलेली असते. ती सहाय्यकास प्रथम सांगते की, माझ्यापाशी अमुक अमुक कामे मिळतील: दिलेल्या तारखेची झोप, दोन तारखांमधील पावले, विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके, इत्यादी. आपण प्रश्न विचारला म्हणजे सहाय्यक त्यांपैकी योग्य ते काम निवडतो. मधली आज्ञावली किल्ली लावून कंपनीच्या कोठारातून तेवढे आकडे आणिते. आणि सहाय्यक त्या आकड्यांवरून उत्तर रचतो. अॅपलच्या फोनचा प्रकार थोडा वेगळा आहे. त्याची आरोग्याची वही मूळ फोनमध्येच राहते, म्हणून ती फाइलीच्या रूपाने बाहेर काढून तीच काही आज्ञावल्या वाचतात. एकूण, सहाय्यकास आपला देह दिसत नाही. त्यास फक्त आकडे मिळतात, तेही आणून देणाऱ्याने जसे आणून दिले तसे. शेतकऱ्याच्या खळ्यापासून किराणा दुकानापर्यंत धान्य जसे चार हातांतून जाते तसाच हा माल चार हातांतून जातो, आणि प्रत्येक हातात काही सांडते, काही मिसळते.

आमचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात ते आले असता त्यांनी आमच्या बोटात अंगठी घातली व ही सारी जोडणी करून दिली. मधली आज्ञावली त्यांनी कोणा हौशी कारागिराने मोफत ठेविलेल्यांतून घेतली होती. अंगठीचे अथवा त्या कारागिराचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण आम्हांस कोणावर ठपका ठेवावयाचा नाही.

आरंभी आम्ही या नव्या मुनिमावर फार प्रसन्न होतो. सकाळी विचारावे, "काल झोप कशी झाली?" आणि त्याने सविस्तर सांगावे. परंतु नवा मुनीम कितीही गोड बोलला तरी पहिले सहा महिने त्याची बेरीज आपण तपासावी, ही आमच्या घरची शिकवण आहे. आम्ही एक साधी वही केली व तीत चालण्याची वेळ आणि निजण्या-उठण्याची वेळ स्वहस्ते लिहू लागलो. त्या वहीने दोन चुका उघडकीस आणिल्या.

पहिली चूक तारखेची. आम्ही पहाटे साडेचार ते सव्वापाच असे चालतो. दशलक्षण पर्वात ६ सप्टेंबर २०२५ रोजी अनंत चतुर्दशी होती. त्या दिवशी आमचा उपवास असल्यामुळे आम्ही चालावयास गेलो नाही; दिवस मंदिरात आणि स्वाध्यायात गेला. पुढे मुनिमास विचारले तेव्हा तो म्हणाला की, ५ तारखेस आपण चाललाच नाहीत आणि ६ तारखेस, म्हणजे उपवासाच्या दिवशी, पहाटे पाऊण तास चाललात. उपवासात एवढे श्रम करू नयेत! आमच्या वहीत नेमके उलट होते. चिरंजिवांस फोन केला. त्यांनी दोन दिवस शोध घेऊन कारण सांगितले. जगाची सामायिक वेळ आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. ती आज्ञावली दिवसाची मोजणी त्या सामायिक वेळेने करीत होती. आमची सव्वापाचची वेळ तिच्या हिशेबी आदल्या रात्रीची पावणेबारा! अर्थात आमचे प्रत्येक पहाटेचे चालणे आदल्या दिवसाच्या खाती जमा होत होते. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाने सुरू होतो, यंत्राचा मध्यरात्रीने, आणि ती मध्यरात्रही कोणत्या देशाची हे पाहावे लागते, हा धडा आम्हांस साठी उलटल्यावर मिळाला.

दुसरी चूक याहून गंभीर. एका आठवड्यात दोन रात्री अंगठी भारित करावयास ठेवली ती बोटात घालण्याचे राहून गेले. आठवड्याचा गोषवारा आला, त्यात आमची सरासरी झोप साडेचार तास होती व काळजीचे दोन परिच्छेद होते. ते वाचून घरातील मंडळींचा जीव घाबरा झाला. आम्ही कागद घेऊन बसलो. पाच रात्रींची बेरीज १८९० मिनिटे. तिला पाचाने भागले तर ३७८, म्हणजे सहा तास अठरा मिनिटे. सातांनी भागले तर २७०, म्हणजे बरोबर साडेचार तास. ज्या दोन रात्री नोंदच नव्हती त्या शून्य झोपेच्या धरल्या गेल्या होत्या. शून्य आणि कोरे पान यांतील भेद प्रत्येक व्यापारी जाणतो. पेढी बंद असलेल्या दिवसाची विक्री शून्य लिहून सरासरी काढली तर कोणाचाही धंदा बुडीत दिसेल. देहाच्या बाबतीत ही चूक झाली तर धडधाकट मनुष्य आजारी ठरेल, किंवा याच्या उलट, खरी वाईट रात्र नोंदीतून गळून आजारी मनुष्य धडधाकट ठरेल.

या दोन्ही चुका दुरुस्त करून घेतल्या, आणि त्यानंतर या मुनिमाने आमचे एक मोठे काम केले, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. गेले काही दिवस आमची रात्री तीन-चारदा झोपमोड होत होती. आम्ही ती वयाच्या खाती टाकून मोकळे झालो होतो. ऑक्टोबरात डॉक्टरांकडे जावयाचे होते, जाण्यापूर्वी आम्ही विचारले, "रात्री उठणे कोणत्या आठवड्यापासून वाढले?" उत्तर आले, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून, त्यापूर्वी एकदा, त्यानंतर तीन ते चारदा. कारण मात्र त्यास सांगता येईना. कारण आमच्या बिलांच्या तारेत सापडले: त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानाची पावती होती आणि तीत एक नवी गोळी होती. आम्ही सूर्यास्तापूर्वी भोजन करितो, त्या भोजनाबरोबर ती गोळी घेत होतो. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सांगितले की, ही लघवी वाढविणारी गोळी आहे, ती सकाळी घ्यावी. आठ दिवसांत झोप पूर्ववत् झाली. वेळ आमच्या मनाने बदलली नाही, डॉक्टरांच्या सांगण्यावरून बदलली, हे तरुण वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. मुनिमाने तारीख काढून दिली, पावतीने कारण दाखविले, आणि निर्णय ज्याचा त्याने केला. प्रत्येकाने आपले काम केले म्हणजे मेळ कसा चोख बसतो!

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटले तो सांगतो. आमच्या फोनवरील अक्षरे बारीक, म्हणून दिवाळीत चिरंजीव आले असता आम्हीच आग्रह धरून ही जोडणी पेढीवरील संगणकातही करविली. त्या संगणकावर आमचे पुतणे, जे पेढीचे भागीदार आहेत, त्याच सहाय्यकाकडून पत्रे लिहवून घेतात. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या तुरीची आवक सुरू झाली होती व गर्दी होती. बाहेरगावच्या एका जुन्या पेढीच्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला, तेव्हा पुतण्यांनी सहाय्यकास सांगितले की, विलंबाबद्दल दिलगिरीचे पत्र लिही व योग्य ते कारण घाल. त्याने कारण शोधिले, आणि त्याच्या हाताशी जी वही होती तीतून काढिले: पेढीच्या मालकांची विश्रांती गेले काही दिवस अपुरी असून हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेले आहेत, सबब उत्तरास विलंब झाला. घाईत पत्र न वाचताच गेले.

चार दिवसांनी त्या पेढीचा निरोप आला. उधारीची मुदत जी वीस वर्षे तीस दिवसांची होती, ती यापुढे आठ दिवसांची राहील. पुढच्या सोमवारी आवारात एका दलालाने हळूच विचारले, "शेटजी, प्रकृती बरी नाही असे ऐकतो?"

व्यापाऱ्याचे भांडवल तिजोरीत थोडे आणि बाजाराच्या विश्वासात फार असते. पेढीच्या मालकाचा देह हेही त्या विश्वासाचे एक तारण आहे. त्याच्या आजाराची वार्ता म्हणजे पतीची वार्ता. आमच्या वडिलांना ज्वर आला तर ते दुकानाच्या मागल्या खोलीत पडून राहात, पण गादीवर त्यांची टोपी आणि उपरणे ठेविलेले असे. त्याचा अर्थ आम्हांस त्या सोमवारी कळला. ठेच यंत्राची म्हणता येणार नाही. त्यास जे दार उघडे दिले त्यातून ते आत गेले. तिजोरीची किल्ली सामायिक खुंटीवर टांगून ठेविली ती आम्ही.

पुतणे फार खिन्न झाले. आम्ही त्यांस रागे भरलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही स्वतः त्या गावी गेलो, त्या पेढीच्या गादीवर बसलो आणि जे होते ते सांगितले: उपचार केव्हा झाले, डॉक्टर काय म्हणतात, आणि आमच्या पश्चात् व्यवहार कोण पाहणार, त्याचा लेख कसा झालेला आहे. आडपडदा ठेविला नाही. बोलणे होऊन मुदत पंधरा दिवसांवर आली. तीस दिवसांची मुदत अद्याप परत मिळालेली नाही. ती मिळविणे हे आता आमच्या चालण्यावर आणि पुतण्यांच्या वागणुकीवर अवलंबून आहे.

यावरून आम्ही आपल्या घरापुरते जे नियम केले, ते सभासदांच्या विचारार्थ मांडतो.

किल्ली कोणाची, हे प्रथम पाहावे. कंपनीच्या कोठाराची किल्ली दोन प्रकारे देता येते. एक, आपला सांकेतिक शब्दच देऊन टाकणे. हे कदापि करू नये. दुसरा प्रकार परवानगीपत्राचा. त्यात कोणते खाते पाहावयाचे हे ठरवून देता येते व वाटेल तेव्हा परवानगी परत घेता येते. आम्ही आता झोप आणि चालणे एवढीच दोन खाती उघडी ठेविली आहेत, तीही वाचण्यापुरती. आणि जोडणी केवळ आमच्या फोनवर आहे. फोनची अक्षरे मोठी करता येतात, हे नातवाने अर्ध्या मिनिटात दाखविले! ते आधी विचारले असते तर पंधरा दिवसांची मुदत वाचली असती.

मधली आज्ञावली कोणी केली व ती किल्ली कोठे ठेविते, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. फुकट मिळालेली प्रत्येक वस्तू वाईट नसते, परंतु अनोळखी हमालाच्या पाठीवर आपण पोते देतो तेव्हा त्याचा बिल्ला पाहतोच.

पेढीची वही आणि देहाची वही एका टेबलावर ठेवू नये. सहाय्यकाने लिहिलेले पत्र वाचल्यावाचून पेढीबाहेर जाऊ देऊ नये.

आकडा आला की, तो किती दिवसांच्या नोंदीवरून आला आणि दिवस कोठून कोठवर मोजला, हे दोन प्रश्न विचारावे. शंभरापैकी गुण आणि दहा हजार पावले यांस शास्त्रवचन मानू नये. दहा हजार पावलांचे प्रमाण तर जपानात १९६५ मध्ये विकावयास आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावावरून पसरले. ते व्यापाऱ्याचे बोधवाक्य होते, वैद्याचे नव्हे.

कायद्याचा आधारही आता आहे. आपल्या देशात २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे, असे त्या कायद्यात आहे. परंतु बाजारात गेलेली वार्ता परत आणण्याचा कायदा अजून कोणी केलेला नाही.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून पुरे करितो. ही जोडणी केली तेव्हा चिरंजिवांनी आपल्याकडेही एक किल्ली ठेविली होती. पुण्याहून रोज सकाळी फोन येई, "अप्पा, काल तीनदा उठलात. अप्पा, आज चालला नाहीत." त्यात प्रेम होते हे आम्ही जाणत होतो, तरी मनास टोचत असे. ज्याचे रोजचे पान दुसरा उघडून पाहतो, तो मालक राहत नाही. डिसेंबरच्या प्रसंगानंतर आम्ही सर्वच किल्ल्या परत घेतल्या, त्यात त्यांचीही गेली. ते काही बोलले नाहीत, पण चार दिवस फोन आला नाही. आमच्या मंडळींनी विचारले, "मुलगा दूर आहे, त्याने काळजी करावी तरी कशाने?" त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून दर रविवारी सायंकाळी आम्ही स्वहस्ते एक पोस्टकार्डाएवढा कागद लिहितो आणि त्याचे छायाचित्र त्यांस पाठवितो. झोप किती, चालणे किती, गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही, आणि छातीत काही जाणवले असेल तर तेही. आकडे अंगठीचे असतात. पण ते वाचून, तपासून, आमच्या सहीने जातात. एका रविवारी जिना चढताना दम लागला होता, ते अंगठीत कोठेच उमटले नव्हते, आम्ही लिहिले. रात्री फोन आला. चिरंजीव म्हणाले, "अप्पा, हे तुम्ही स्वतः लिहिलेत?" आम्ही म्हणालो, "होय." पुढील शनिवारी ते गाडीने आले आणि आम्हांस डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणी झाली, काळजीचे कारण निघाले नाही.

असो. सभासद बंधुभगिनींस एवढीच विनंती की, देहाची रोजकीर्द अवश्य ठेवा. नवा मुनीम ठेवावयाचा तर तोही ठेवा. तो तत्पर आहे आणि रात्री-अपरात्री कंटाळत नाही. मात्र बेरीज आपण तपासा, किल्ली आपल्या कनवटीस असू द्या, आणि आपल्या माणसांस जे सांगावयाचे ते आपल्या तोंडाने सांगा.